पीसीओएसचे निदान : रक्ताचा कोणता आकडा काय सांगतो?

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, हा प्रजननक्षम वयातल्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या संप्रेरकांच्या बिघाडांपैकी एक आहे. बोलताना त्याला अनेकदा ‘पीसीओडी’ म्हटले जाते. पाळी दोन-दोन महिने लांबणे, हनुवटीवर आणि ओठांवर राठ केस उगवणे, मुरमे न हटणे, डोक्यावरचे केस विरळ होणे, वजन वाढणे, दिवस राहायला वेळ लागणे ही त्याची ओळखीची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या वयातल्या 10 ते 13 टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांपैकी सुमारे 70 टक्के जणींचे निदानच झालेले नसते.

इतक्या मोठ्या संख्येने आढळणाऱ्या या विकाराला स्वतःची अशी एकही चाचणी नाही. हिवतापाचा परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसला की निदान पक्के होते. पीसीओएसमध्ये रक्तातला कोणताही एक आकडा तेवढा निर्णायक नसतो. म्हणून डॉक्टर चार-पाच चाचण्या लिहून देतात आणि हातात आलेला रिपोर्ट वाचताना घरातले सगळे गोंधळून जातात. एक गोष्ट लक्षात ठेवली तर हा गोंधळ बराच कमी होतो. या चाचण्या तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधतात. पुरुषी संप्रेरके वाढली आहेत का? या लक्षणांमागे दुसराच एखादा आजार नाही ना? आणि या विकाराने शरीरातल्या साखरेचे आणि चरबीचे गणित कितपत बिघडवले आहे?

नाव एक, विकार दुसरा

1935 साली शिकागोतल्या अर्विंग स्टाइन आणि मायकल लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची पाळी येत नव्हती आणि अंडाशय मोठे होऊन त्यांत बारीक बारीक पोकळ्या झाल्या होत्या. या पोकळ्यांना ‘सिस्ट’ म्हटले गेले आणि विकाराला तेच नाव चिकटले. प्रत्यक्षात त्या गाठी नसतात. दर महिन्याला वाढून फुटायला हव्या अशा या बीजपुटिका असतात, पण त्यांची वाढ अर्ध्यातच थांबलेली असते. त्यामुळे ‘अंडाशयात गाठी झाल्या’ हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही.

निदानाची आजची चौकट 2003 साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरली. तीन गोष्टींपैकी दोन असतील आणि दुसरे आजार वगळले गेले असतील तर पीसीओएस मानायचा. पहिली गोष्ट अनियमित पाळी, म्हणजे स्त्रीबीज वेळेवर बाहेर न पडणे. दुसरी पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य, मग ते अंगावरच्या केसांत दिसो वा रक्तात. तिसरी सोनोग्राफीत दिसणारे पुटिकांनी भरलेले अंडाशय.

निकष बदलला की आकडेही किती बदलतात, हे मुंबईत दिसून आले. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने 15 ते 24 वयाच्या मुलींची पाहणी करून 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉटरडॅमच्या निकषांनी 22.5 टक्के मुलींना पीसीओएस होता. पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य सक्तीचे मानणारा निकष लावला, तेव्हा हेच प्रमाण 10.7 टक्क्यांवर आले. म्हणजे निदान झालेल्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये पाळीचा आणि सोनोग्राफीचा दोष होता, पण पुरुषी संप्रेरके वाढलेली नव्हती. एकाच नावाखाली वेगवेगळ्या तीव्रतेचे विकार येतात, ते असे. रक्ताची तपासणी हा फरक उघड करते.

टेस्टोस्टेरॉन : एकूण आणि मोकळे

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचे संप्रेरक म्हणून ओळखले जात असले, तरी ते प्रत्येक स्त्रीच्या अंडाशयात आणि मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतही थोडे तयार होते. बहुतेक प्रयोगशाळांत स्त्रियांसाठी एकूण टेस्टोस्टेरॉनची मर्यादा साधारण 15 ते 70 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर अशी दिलेली असते. पुरुषांमध्ये ते कित्येक पटींनी जास्त असते. नेहमीची यंत्रे पुरुषांच्या मोठ्या आकड्यांसाठी पुरेशी अचूक असतात, पण स्त्रियांच्या लहान आकड्यांत त्यांची चूक वाढते. मास स्पेक्ट्रोमेट्री ही पद्धत यासाठी अधिक भरवशाची आहे. ती उपलब्ध असेल तर तिला प्राधान्य द्यावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

एकूण आकडा पुरेसा नसण्याचे आणखी एक कारण आहे. रक्तातले बहुतांश टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटलेले असते. त्यांतल्या मुख्य प्रथिनाचे लघुनाव एसएचबीजी. त्याला घट्ट धरून राहिलेले संप्रेरक पेशींवर काम करत नाही. काम करते ते मोकळे टेस्टोस्टेरॉन, आणि ते एकूण साठ्याच्या जेमतेम एक-दोन टक्के असते. एसएचबीजी यकृतात तयार होते आणि रक्तात इन्सुलिन वाढले की त्याचे उत्पादन घटते. मग एकूण टेस्टोस्टेरॉन मर्यादेत असूनही मोकळा भाग वाढतो आणि हनुवटीवर केस दिसू लागतात.

म्हणून दोन्ही आकडे मोजून ‘फ्री अँड्रोजेन इंडेक्स’ काढतात. एकूण टेस्टोस्टेरॉनला एसएचबीजीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. दोन्ही आकडे नॅनोमोल प्रति लिटर या एककात हवेत. दोन स्त्रियांचे एकूण टेस्टोस्टेरॉन सारखेच, 45 नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे 1.56 नॅनोमोल आहे असे समजू. एकीचे एसएचबीजी 60 असेल तर निर्देशांक 2.6 येतो. दुसरीचे 20 असेल तर तोच 7.8 होतो. साधारणपणे 5 च्या वरचा निर्देशांक पुरुषी संप्रेरकांच्या आधिक्याकडे बोट दाखवतो. नुसते टेस्टोस्टेरॉन पाहिले असते तर दोघींचे रिपोर्ट सारखेच ‘नॉर्मल’ ठरले असते.

हे आकडे मर्यादेत असूनही शंका राहिली तर अँड्रोस्टेनडायोन आणि डीएचईए-एस ही संप्रेरके पाहतात. डीएचईए-एस जवळजवळ पूर्णपणे अधिवृक्क ग्रंथींतून येते, त्यामुळे बिघाडाचे मूळ कुठे असावे याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. टेस्टोस्टेरॉन 150 ते 200 च्या पुढे गेले, किंवा काही महिन्यांतच आवाज घोगरा होऊन केस झपाट्याने वाढले, तर तो पीसीओएस म्हणून सोडून देता येत नाही. अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ नाही ना, याचा शोध तातडीने घ्यावा लागतो.

ज्या प्रौढ स्त्रीची पाळी अनियमित आहे आणि चेहऱ्यावर, छातीवर वा पोटावर राठ केस स्पष्ट दिसतात, तिच्या निदानाचे दोन निकष आधीच पूर्ण झालेले असतात. तिथे दुसरे आजार वगळले की निदान होते. महागड्या संप्रेरक-चाचण्यांची आणि सोनोग्राफीची निदानासाठी तरी गरज उरत नाही.

एलएच आणि एफएसएच : जुना ठोकताळा

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके सोडून अंडाशयाला चालवते. पीसीओएसमध्ये एलएचचे झटके लवकर लवकर येतात आणि अंडाशय जास्त पुरुषी संप्रेरक बनवू लागते. एफएसएच त्या मानाने कमी पडल्याने पुटिका पूर्ण वाढत नाहीत. त्यावरून एलएच हे एफएसएचच्या दुप्पट किंवा तिप्पट असेल तर पीसीओएस समजावा, असा ठोकताळा रूढ झाला आणि तो आजही ऐकू येतो. मात्र एलएच दर तास-दोन तासांनी वरखाली होते आणि वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये ते फारसे वाढलेले दिसतही नाही. हे गुणोत्तर आजच्या कोणत्याही मान्य निकषात नाही. ते वाढलेले नसले म्हणून पीसीओएस नाही असे ठरत नाही.

तरीही ही चाचणी निरुपयोगी नाही. एफएसएच पुन्हा पुन्हा खूप जास्त आले तर अंडाशय वेळेआधी थकत असल्याची शंका येते. दोन्ही संप्रेरके फार कमी असतील तर अपुरा आहार, अतिव्यायाम किंवा मोठा ताण यामुळे पाळी बंद झालेली असू शकते. उपास करून वजन झपाट्याने उतरवलेल्या मुलीची पाळी थांबली आणि तिला पीसीओएस समजून आणखी वजन कमी करायला सांगितले, तर उपायच अपाय ठरतो.

एएमएच : नवी चाचणी, मर्यादित अधिकार

अँटी-म्युलेरियन हार्मोन, म्हणजे एएमएच, हे नाव गर्भातल्या कामावरून पडले. मुलाच्या गर्भात हे संप्रेरक गर्भाशय तयार करणाऱ्या नलिका विरघळवते. स्त्रीच्या शरीरात ते अंडाशयातल्या लहान पुटिकांमधून पाझरते. पुटिका जितक्या जास्त, तितके रक्तातले एएमएच जास्त. पीसीओएसमध्ये अर्धवट वाढीच्या पुटिकांची गर्दी असल्याने हा आकडा चढतो. पाळीच्या कोणत्याही दिवशी तो फारसा बदलत नाही, ही त्याची सोय.

2023 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीला पर्याय म्हणून एएमएच प्रथमच मान्य केले. अविवाहित मुलींची सोनोग्राफी पोटावरून करावी लागते आणि त्यात अंडाशय नेहमीच स्पष्ट दिसत नाही. वयाने प्रौढ असलेल्या अशा तरुणींसाठी हा पर्याय मोलाचा आहे. पण त्याच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. एएमएच हे तीन निकषांपैकी फक्त एकाची जागा घेते. एकट्या वाढलेल्या एएमएचवरून पीसीओएस ठरत नाही. सोनोग्राफी आणि एएमएच दोन्ही करण्याची गरज नसते. प्रत्येक कंपनीच्या किटचा आकडा थोडा वेगळा येत असल्याने सर्वांना लागू होणारी एकच मर्यादा नाही. वयानुसार हा आकडा उतरतो आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाही कमी दिसू शकतो.

किशोरवयात घाई नको

पहिली पाळी आल्यानंतर पहिल्या वर्षात ती अनियमित असणे स्वाभाविक आहे. मुरमेही त्या वयात अनेकींना येतात. निरोगी किशोरींच्या अंडाशयात पुटिकांची संख्या मुळातच जास्त असते, म्हणून पहिल्या पाळीनंतरच्या आठ वर्षांत सोनोग्राफी निदानासाठी वापरू नये, असे मार्गदर्शक तत्त्वे बजावतात. एएमएचही या वयात निदानासाठी वापरायचे नसते. किशोरीमध्ये पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य या दोन्ही गोष्टी असल्या तरच निदान करता येते. एकच असेल तर तिला धोक्याच्या गटात धरून काही काळाने पुन्हा तपासायचे असते. सोळाव्या वर्षी चुकून चिकटलेले ‘तुला मूल होणार नाही’ हे भय कित्येक मुली वर्षानुवर्षे बाळगतात. ते निराधार आहे. योग्य उपचारांनी पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना मूल होते.

दुसरे आजार वगळणे

पाळी चुकली की सर्वांत आधी गर्भधारणा तपासायची. हा नियम साधा आहे, पण विसरला जातो. त्यानंतर टीएसएच, कारण थायरॉइडच्या बिघाडाने पाळी विस्कळीत होते आणि वजनही बदलते. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढले तरी पाळी थांबते. ते ताणाने आणि काही औषधांनीही वाढत असल्यामुळे जास्त आले तर पुन्हा मोजतात. 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ही चाचणी अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात दोष शोधते. त्याची लक्षणे पीसीओएससारखीच असतात. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सकाळी घेतलेल्या नमुन्यात हा आकडा 200 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर तो दोष सहसा नसतो. चेहरा गोल होणे, पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटणे, स्नायू अशक्त होणे अशी लक्षणे असतील तर कॉर्टिसोल तपासून कुशिंगचा आजार वगळावा लागतो.

साखरेची चाचणी आणि म्हैसूरचा धडा

पीसीओएसच्या मुळाशी अनेकींमध्ये इन्सुलिनचा प्रतिरोध असतो. पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला अधिक टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते आणि एसएचबीजीही घटवते. मानेवर, काखेत दिसणारा मखमली काळेपणा ही या प्रतिरोधाची बाहेरची खूण. घासून घासून तो जात नाही.

हा प्रतिरोध भारतीयांमध्ये इतका का, याचा शोध ज्या गावांत लागला त्यांत म्हैसूरचे नाव मोठे आहे. तिथल्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलात 1934 पासून जन्मलेल्या बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर वह्यांमध्ये नोंदवून जपलेला होता. 1990च्या दशकात संशोधकांनी त्या नोंदींवरून प्रौढ झालेल्या माणसांना शोधून काढले आणि त्यांची साखर तपासली. जन्माच्या वेळी बुटकी आणि लांबीच्या मानाने जाड असलेल्या बाळांमध्ये पुढे मधुमेह जास्त आढळला. त्याच रुग्णालयात 1997-98 मध्ये ‘पार्थेनॉन’ अभ्यास सुरू झाला. त्यात गरोदरपणी मधुमेह झालेल्या मातांपैकी 37 टक्के स्त्रियांना पाच वर्षांत कायमचा मधुमेह झालेला होता. गरोदरपणी मधुमेह न झालेल्या मातांमध्ये हे प्रमाण अवघे 2 टक्के होते. गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका पीसीओएस असलेल्या स्त्रियांना जास्त असतो, म्हणून हा आकडा त्यांच्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून ‘सडपातळ पण चरबीयुक्त’ भारतीय देहाची कल्पना पुढे आली. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचा बीएमआय 22.3 होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के होती. वजनकाटा जे लपवतो ते रक्त सांगते. मुंबईच्या पाहणीतही पीसीओएस आढळलेल्या मुलींपैकी जवळजवळ 72 टक्के मुली लठ्ठ नव्हत्या. ‘ती बारीक आहे, तिला साखर कशाला तपासायची’ हा विचार म्हणूनच धोक्याचा ठरतो.

साखरेसाठी सर्वांत भरवशाची चाचणी म्हणजे ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट. उपाशीपोटी रक्त घ्यायचे, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. दोन तासांची साखर 140 च्या खाली असेल तर ठीक, 140 ते 199 ही मधुमेहाची पूर्वावस्था आणि 200 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. नुसती उपाशीपोटीची साखर पाहिली तर पूर्वावस्थेतल्या अनेकजणी निसटतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीएवनसी सोयीचे आहे, पण रक्तक्षय असेल तर ते फसवू शकते. पीसीओएसचे निदान होताच, वजन कितीही असो, साखरेची तपासणी करावी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा करावी, असे 2023 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. सोबत कोलेस्टेरॉन आणि ट्रायग्लिसराइड तपासावे, रक्तदाबही मोजावा. रक्तातले इन्सुलिन मोजणे मात्र निदानासाठी आवश्यक नाही. त्याचा आकडा फार बदलता असतो आणि त्यावरून उपचार ठरत नाहीत.

म्हैसूरच्या अभ्यासात 43 टक्के गरोदर स्त्रियांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी आढळले होते. पीसीओएसमध्ये दिले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-12 आणखी घटू शकते. शाकाहारी घरातल्या स्त्रीने हे औषध चालू असताना बी-12 वर लक्ष ठेवावे, ते यासाठी.

नमुना देण्यापूर्वी

चुकीच्या वेळी दिलेले रक्त बरोबर उत्तर देत नाही. एलएच, एफएसएच आणि 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी द्यावे. पाळी येतच नसेल तर दिवस डॉक्टर ठरवतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी टेस्टोस्टेरॉन कमी आणि एसएचबीजी जास्त दिसते, त्यामुळे चाचणीपूर्वी त्या साधारण तीन महिने बंद असाव्या लागतात. त्या काळात गर्भनिरोधनाचा दुसरा उपाय हवा आणि हा निर्णय डॉक्टरांनाच विचारून घ्यायचा. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या अनेक संप्रेरक-चाचण्यांत खोटे आकडे आणतात. त्या घेत असल्यास लॅबमध्ये तसे सांगावे. साखरेच्या चाचणीआधी रात्रीपासून काही खाऊ नये, पण त्याआधीचे तीन दिवस नेहमीचा भात-पोळीचा आहार चालू ठेवावा. पुन्हा तपासणी करताना शक्यतो त्याच प्रयोगशाळेत जावे, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते.

रिपोर्टवर ठळक अक्षरांत छापलेला एखादा आकडा म्हणजे निदान नव्हे. गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा लिहिलेली वही, घरातल्या मधुमेहाचा इतिहास आणि डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी यांच्या शेजारी ठेवल्यावरच त्या आकड्याला अर्थ येतो. आणि सगळ्या संप्रेरकांची महागडी यादी परवडत नसेल, तर ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी दिलेले रक्त तेवढे टाळू नये. पीसीओएस असलेल्या स्त्रीच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या आरोग्यासाठी सर्वांत महत्त्वाची रक्तचाचणी तीच आहे.